कै. हरिभाऊ आपटे आणि त्यांच्या मानी नायिका

आपल्या मंडळाच्या वार्षिक स्मरणिकेत दरवर्षी एखाद्या थोर व्यक्तीचे अल्पचरित्र छापावे, असा प्रघात आहे. यंदा ते काम संपादक मंडळाने प्रस्तुत लेखकाकडे सोपविले. विषय निवडण्याची मोकळीक मिळाली तेव्हा मनात पहिले नाव आले ते कादंबरीकार कै. हरि नारायण आपटे यांचे. हरिभाऊ आपल्या ज्ञातीचे नव्हते, आपल्या बीड जिल्ह्याचेही नव्हते. परंतु थोर पुरुष एका ज्ञातीचे किंवा एका गावाचे नसतात. ज्या घरात त्यांचे पुस्तक उघडले जाते, त्या घराचे ते होऊन जातात. आमच्या घरात ते पुस्तक माझ्या थोरल्या बहिणीने उघडले. त्याची हकीकत लेखाच्या शेवटी येईलच.

आरंभी आपल्याच जिल्ह्यातील एका दैवताचे स्मरण करतो. अंबाजोगाईची योगेश्वरी ही कोकणस्थांच्या अनेक घराण्यांची कुलस्वामिनी, आणि आपणा सर्वांचे श्रद्धास्थान. परळीच्या वैजनाथाशी तिचा विवाह ठरला होता, मुहूर्त टळला, वऱ्हाड जागच्या जागी पाषाणाचे झाले आणि देवी कुमारिकाच राहिली, अशी कथा आपल्याकडे पिढ्यानपिढ्या सांगतात. म्हणजे जिच्यापुढे आपण मस्तक नमवितो ती देवी स्वतः अविवाहित, स्वतंत्र आणि तेजस्वी आहे. परंतु घरातील मुलीच्या अंगी तेच तेज दिसले की आपण अस्वस्थ होतो. हा विरोध हरिभाऊंना सव्वाशे वर्षांपूर्वी दिसला होता. त्यांच्या चरित्राचा आणि त्यांच्या कादंबऱ्यांचा धागा माझ्या अल्पमतीप्रमाणे हाच आहे.

हरिभाऊंचा जन्म ८ मार्च १८६४ रोजी खानदेशातील पारोळे या गावी झाला. वडील नारायणराव टपाल खात्यात नोकरीस होते. हरिभाऊ चार वर्षांचे होतात न होतात तोच आई निवर्तली. आईवेगळ्या मुलाचा सांभाळ पुढे चुलत्यांच्या घरी झाला. चुलते महादेव चिमणाजी आपटे हे मोठे नामांकित वकील. त्यांच्यामुळे हरिभाऊंचे बालपण काही काळ मुंबईस गेले, आणि १८७८ साली सर्व बिऱ्हाड पुण्यास आले. तेथून मरेपर्यंत पुणे हीच त्यांची कर्मभूमी झाली.

१८८० साली विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि त्यांचे तरुण सहकारी यांनी पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल काढले. हरिभाऊ तेथे विद्यार्थी होते. चिपळूणकर, टिळक आणि आगरकर अशी माणसे ज्या शाळेत फळ्यापुढे उभी राहत, त्या शाळेतील विद्यार्थ्यांचे भाग्य काय वर्णावे! विष्णुशास्त्री १८८२ साली अकाली निवर्तले, तेव्हा या अठरा वर्षांच्या विद्यार्थ्याने ‘शिष्यजनविलाप’ नावाचे शोककाव्य रचले. पुढे आगरकरांनी केलेल्या ‘हॅम्लेट’ नाटकाच्या भाषांतरावर याच शिष्याने विस्तृत परीक्षण लिहून गुरूंचे दोषही दाखविले. गुरूवर निस्सीम भक्ती करावी, आणि तरी आपल्या बुद्धीला पटेल तेच लिहावे, हा स्वभाव त्या वयातच दिसून आला.

१८८३ साली ते मॅट्रिक झाले. त्यानंतर डेक्कन कॉलेज व पुढे फर्ग्युसन कॉलेज येथे त्यांचे शिक्षण झाले, परंतु गणित आडवे आले आणि पदवी काही पदरात पडली नाही. आपल्यापैकी जे पालक मुलाच्या गणिताच्या गुणांवरून त्याच्या साऱ्या आयुष्याचा निकाल लावतात, त्यांनी ही गोष्ट ध्यानी ठेवावी. संस्कृत व इंग्रजी वाङ्मयाचे त्यांचे वाचन मात्र एखाद्या पदवीधरास लाजविणारे होते. चुलत्यांनी संस्कृत ग्रंथांच्या जतनासाठी आणि प्रकाशनासाठी पुण्यात ‘आनंदाश्रम’ ही संस्था स्थापन केली, आणि तिची व्यवस्था हरिभाऊंकडे आली. १८९४ साली चुलते वारले. त्यानंतरही त्यांनी ती जबाबदारी अखेरपर्यंत वाहिली. जुन्या पोथ्या शोधणे, पाठ ताडून पाहणे आणि ग्रंथ छापून काढणे या कामात दिवस गेला, की उरलेल्या वेळात कादंबरीचे लेखन, असा त्यांचा क्रम होता. एका हाताने प्राचीन विद्येची सेवा आणि दुसऱ्या हाताने नव्या समाजाचे चित्रण करणारा असा पुरुष विरळा.

त्यांच्या संसाराविषयीही दोन शब्द लिहिणे अवश्य आहे. त्या काळच्या रीतीप्रमाणे १८७९ साली, म्हणजे वयाच्या पंधराव्या वर्षी, त्यांचा विवाह झाला. वधू अर्थातच त्यांच्याहून लहान. एकत्र कुटुंबात वडीलधाऱ्यांच्या देखत पत्नीशी बोलण्याचीही चोरी असे, मग तिला शिकविण्याची गोष्ट दूरच. आपली सहचारिणी लिहिती-वाचती व्हावी अशी तरुण पतीची तळमळ, आणि घराच्या रीतीभातींनी घातलेल्या वेसणी, हा अनुभव हरिभाऊंनी स्वतः घेतला होता. १८९१ साली ती पत्नी निवर्तली. पुढे त्यांनी दुसरा विवाह केला, परंतु पहिल्या संसारातील अनुभवाची खूण त्यांच्या लेखनातून कधी पुसली गेली नाही.

हरिभाऊंची थोरवी कळावयाची तर त्यांच्यापूर्वीची मराठी कादंबरी कशी होती हे पाहिले पाहिजे. बाबा पदमनजी यांनी १८५७ साली ‘यमुनापर्यटन’ लिहून विधवांच्या दुःखाला वाचा फोडली, परंतु तो मार्ग पुढे कोणी फारसा चोखाळला नाही. लोकप्रिय झाल्या त्या अद्भुतरम्य कथा. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ ची, नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ १८६८ ची. राजपुत्र, राजकन्या, घोर अरण्ये, कपटी प्रधान, हरण, सुटका आणि शेवटी विवाह, असा त्यांचा थाट. या कथांतील नायिका रूपाने अप्सरा, शीलाने निष्कलंक. परंतु तिला स्वतःचे म्हणून काही ठरविता येत नसे. तिचे हरण दुष्टाने करावे आणि सुटका शूराने करावी. मधल्या काळात तिने अश्रू ढाळावे, एवढेच तिचे काम. १८७१ साली रामचंद्र भिकाजी गुंजीकर यांनी ‘मोचनगड’ लिहून शिवकालाकडे वाट वळविली आणि ऐतिहासिक कादंबरीचा पाया घातला. त्या पायावर मंदिर उभारले ते हरिभाऊंनी.

१८८५ साली ‘पुणेवैभव’ पत्रातून त्यांची पहिली कादंबरी ‘मधली स्थिती’ प्रसिद्ध होऊ लागली. आपल्या सामाजिक कादंबऱ्यांना त्यांनी ‘आजकालच्या गोष्टी’ असे साधे नाव दिले होते. या नावातच सर्व काही आले. राजपुत्र नाही, अप्सरा नाही. पुण्याच्या वाड्यात राहणारी, नळावर भांडणारी, लेकीसुनांना छळणारी आणि क्वचित त्यांच्यासाठी डोळे पुसणारी माणसे. १८९० साली त्यांनी ‘करमणूक’ हे साप्ताहिक सुरू केले आणि ते १९१७ पर्यंत चालविले. नाव करमणुकीचे असले तरी गोडीगुलाबीने समाजाला शहाणे करावे हा हेतू होता. त्यांच्या बहुतेक कादंबऱ्या याच पत्रातून हप्त्याहप्त्याने बाहेर पडल्या.

‘पण लक्षात कोण घेतो’ ही त्यांची सर्वांत गाजलेली सामाजिक कादंबरी १८९० ते १८९३ या काळात ‘करमणुकी’तून आली. यमू नावाची मुलगी स्वतःच्या तोंडाने आपली कहाणी सांगते. लहानपणी भावाबरोबर केलेला भातुकलीचा खेळ, वडिलांचा दरारा, आईची मूक सहनशीलता, बालवयात झालेले लग्न, सासरचा जाच. नंतर समंजस पती रघुनाथरावांच्या सहवासात तिने घेतलेले शिक्षण आणि मुंबईस अनुभवलेले चार दिवसांचे सुख. मग पती जातो, आणि यमूचे बळजबरीने केशवपन होते. हे वाचताना आजही वाचकाचा गळा दाटून येतो. ही कथा लिहिली जात होती त्याच वेळी, १८९१ च्या मार्च महिन्यात, संमतिवयाचा कायदा झाला. त्याने मुलीचे संमतिवय दहावरून बारा वर्षे केले, आणि एवढ्यावरूनच पुण्यात सभा, वादविवाद आणि धिक्कार यांचा वणवा पेटला होता. पंडिता रमाबाईंचे शारदासदन नुकतेच निघाले होते, आणि कर्व्यांचा विधवाश्रम निघावयास अजून काही वर्षे अवकाश होता. अशा धामधुमीत हरिभाऊंनी भांडण न करता एका मुलीला बोलते केले.

आता आपण मुख्य विषयाकडे येऊ. सामाजिक कथांत यमूसारख्या स्त्रियांचे दुःख मांडणारे हरिभाऊ त्याच सुमारास ऐतिहासिक कादंबरीकडे वळले. ‘करमणुकी’च्या पहिल्या वर्षात त्यांनी टिपू सुलतानावरील एका इंग्रजी कादंबरीच्या आधारे ‘म्हैसूरचा वाघ’ लिहिली. १८९५ ते ९७ मध्ये शिवाजी महाराजांच्या उदयकालावरील ‘उषःकाल’ आली, आणि मग ‘केवळ स्वराज्यासाठी’, ‘रूपनगरची राजकन्या’, ‘चंद्रगुप्त’, ‘गड आला पण सिंह गेला’, ‘सूर्योदय’, ‘सूर्यग्रहण’, ‘कालकूट’ आणि ‘वज्राघात’ अशी मालिकाच सुरू झाली. परतंत्र समाजाला पूर्वजांच्या पराक्रमाची आठवण द्यावी हा हेतू उघड होता, आणि सर्व टीकाकारांनी तो सांगितलाही आहे. परंतु या कादंबऱ्या क्रमाने वाचल्यास आणखी एक गोष्ट दिसते. त्यांतील स्त्रिया नुसत्या रडत नाहीत. त्या नकार देतात, निश्चय करतात, कट रचतात, चुकतात आणि चुकीचे फळ स्वतः भोगतात.

‘रूपनगरची राजकन्या’ घ्या. दिल्लीचा बादशहा औरंगजेब याची मागणी म्हणजे प्रत्यक्ष आज्ञा. लहानशा संस्थानाच्या राजाने ती कशी मोडावी? परंतु राजकन्या ठाम नकार देते. ती हातावर हात ठेवून बसत नाही. मेवाडचा राणा राजसिंह यास स्वतः साकडे घालते. बाप घाबरतो तेथे लेक उभी राहते. आपल्या विवाहाचा निर्णय आपण घेईन, असे म्हणणारी ही मुलगी १९०० साली मराठी घरांत वाचली जात होती. तेव्हा ज्या वाड्यांत ती वाचली जाई, तेथील मुलींना नवऱ्याचे नावही लग्नाच्या मांडवातच कळत असे!

‘गड आला पण सिंह गेला’ ही कथा मराठी घरांत ठाऊक नाही असे घर विरळा. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री तानाजी मालुसऱ्यांनी कोंढाणा घेतला आणि देह ठेवला, हा इतिहास. हरिभाऊंनी त्याला कमलकुमारीची कथा जोडली. ही रजपूत विधवा पतीमागे सती जाण्यास निघालेली असताना उदयभानूने तिला पळविले आणि कोंढाण्यावर आणून ठेवले. गडावर कैदेत असूनही ती त्याच्या धाकाला व प्रलोभनाला भीक घालत नाही. तिच्या सोबतीस असलेली देवलदेवीही तशीच धीराची. आज सतीच्या चालीचे समर्थन कोणी सुबुद्ध मनुष्य करणार नाही, आणि करूही नये. परंतु येथे वाचकाने एवढे पाहावे, की तोफा, बुरूज आणि हजारो शिपाई हाती असलेल्या किल्लेदारास एका निःशस्त्र स्त्रीचा होकार काही मिळविता येत नाही. कोंढाणा एका रात्रीत सर झाला. कमलकुमारीचे मन मात्र उदयभानूला शेवटपर्यंत सर झाले नाही.

‘चंद्रगुप्त’ मधील मुरादेवी हे याहूनही अवघड पात्र. मगधाचा राजा धनानंद हिला राणी करतो, सवती मत्सराने तिच्या कुळावर किटाळ आणतात, तिच्या तान्ह्या मुलाला मारण्याची आज्ञा होते आणि तिला बंदिवास घडतो. सुटका झाल्यावर ही स्त्री सूड घेण्याची प्रतिज्ञा करते, आणि चाणक्याच्या राजकारणाला अंतःपुरातून वाट करून देते. परंतु हरिभाऊंनी तिला नुसती कृत्या केली नाही. राजाचा विश्वास पुन्हा संपादन करता करता तिचे मन डळमळते. एका बाजूस अपमान आणि दुसऱ्या बाजूस दया, यांत ती फाटून जाते. घडलेल्या अनर्थाचा पश्चात्ताप तिला होतो, पण फार उशिरा. जिच्यापाशी इच्छाशक्ती आहे तिच्या हातून मोठे पापही घडू शकते, हे दाखविण्याचे धाडस त्यांनी केले. स्त्रीला देवी म्हणून मखरात बसविणे सोपे असते. तिला मनुष्य म्हणून समजून घेणे कठीण असते.

‘वज्राघात’ ही त्यांची अखेरच्या काळातील कादंबरी, १९१३ ते १५ मधली. विजयनगरचा रामराजा आणि मेहेरजान यांची ही शोककथा. सत्तेच्या लोभाने रामराजा जिला टाकतो ती मेहेरजान आपला मान गिळून बसत नाही. तिचाच पुत्र रणमस्तखान पुढे विजापूरच्या बाजूने उभा राहतो, आणि १५६५ च्या तालिकोटच्या संग्रामात विजयनगरचा नाश होतो. त्या लढाईत विजयनगरवर चालून गेलेल्या सुलतानांत अहमदनगरचा निजामशहाही होता, आणि आपला बीड प्रांत तेव्हा निजामशाहीच्याच अमलाखाली होता. आपल्या धारूरचा किल्लाही त्या लढाईनंतर दोनएक वर्षांतच, १५६७ च्या सुमारास, आदिलशाही सरदार किश्वरखान याने बांधला. म्हणजे या इतिहासाची धूळ आपल्याही अंगणापर्यंत आलेली आहे. साम्राज्ये तोफांनी बुडतात असे बखरी सांगतात. एका स्त्रीला दिलेले वचन मोडल्यानेही ती बुडू शकतात, असे हरिभाऊंनी सुचविले. हा इतिहास नव्हे, ही कल्पना आहे. परंतु तिच्यातील नीती खरी आहे.

येथे कोणी विचारील, की यमू लिहिणारा लेखक आणि मुरादेवी लिहिणारा लेखक एकच कसा? मला वाटते, ही एकाच नाण्याची दोन अंगे होत. हरिभाऊंच्या अवतीभवतीच्या पुण्यात स्वतःच्या इच्छेने पाऊल टाकणारी स्त्री जवळजवळ नव्हतीच. असलीच तर तिच्यावर शेणमातीचा मारा होई. चालू काळाचे प्रामाणिक चित्र काढावयाचे तर यमूचा शेवट दुःखात होणे अटळ होते. मग इच्छाशक्ती असलेली स्त्री दाखवावयाची कोठे? ती त्यांनी गडावर, राजवाड्यात आणि दोन हजार वर्षांपूर्वीच्या पाटलीपुत्रात नेऊन ठेवली. इतिहासाच्या आडोशाने तीच गोष्ट सांगितली, म्हणजे सनातनी आजोबाही ती माना डोलावून ऐकत, आणि पडद्याआड बसलेली नातही ऐके. आजोबांच्या कानी तलवारींचा खणखणाट पडे. नातीच्या मनात मात्र राजकन्येचा नकार घर करून राही.

चालू काळातही त्यांनी तसा प्रयत्न केला नाही असे नाही. ‘मी’ या कादंबरीतील ताई विवाहात दुःख भोगूनही खचत नाही, शिकते, आणि स्त्रियांच्या शिक्षणास आयुष्य वाहते. ताई ही मुरादेवी आणि यमू यांच्यामधला सांधा होय.

हरिभाऊ केवळ लेखणीचे धनी नव्हते. पुण्याच्या नगरपालिकेचे ते सभासद होते व पुढे अध्यक्षही झाले. प्लेगच्या भयंकर दिवसांत लोक शहर सोडून रानोमाळ पळत होते, तेव्हा त्यांनी नगराच्या सेवेत स्वतःला झोकून दिले. नूतन मराठी विद्यालयाच्या कार्यातही त्यांचा वाटा होता. दुष्काळात होरपळलेल्या शेतकरी कुटुंबाची वाताहत सांगणारी ‘काळ तर मोठा कठीण आला’ ही त्यांची दीर्घ कथा आपण बीडकरांनी तर अवश्य वाचावी. ज्यांनी १९७२ चा दुष्काळ पाहिला, खडी फोडली आणि सुकडी खाल्ली, त्यांना त्या कथेतील प्रत्येक ओळ आपलीच वाटेल. १९१२ साली अकोला येथे भरलेल्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले. ३ मार्च १९१९ रोजी, वयाची पंचावन्न वर्षे पुरी होण्यास पाच दिवस उरले असता, त्यांनी इहलोकीची यात्रा संपविली.

चरित्र लिहिताना दोष झाकू नयेत, असे आम्हांस शाळेत शिकविले होते. हरिभाऊंच्या लेखनात पाल्हाळ आहे. आठवड्याच्या हप्त्यांत लिहिल्याने कित्येक प्रकरणे लांबली. ‘कर्मयोग’ सारख्या काही कादंबऱ्या अपुऱ्या राहिल्या. ऐतिहासिक कादंबऱ्यांत इतिहासापेक्षा कल्पना अधिक आहे, आणि त्या काळच्या कित्येक समजुती त्यांत जशाच्या तशा उतरल्या आहेत. परंतु डोंगराच्या अंगावर चार खळगे असले म्हणून त्याची उंची कमी होत नाही.

त्यांच्यामागून ही वाट मोठी झाली. त्यांच्या साहित्यिक स्नेहातील काशीबाई कानिटकर लग्नानंतर लिहावयास-वाचावयास शिकल्या, आणि १९२८ साली त्यांची ‘पालखीचा गोंडा’ ही कादंबरी ग्रंथरूपाने आली. तिच्यात एक स्त्री काल्पनिक संस्थानाचा कारभार स्वतः हाती घेते. अद्भुतकथेची जी राजकन्या पूर्वी नुसती पळविली जात होती, ती येथे राज्य चालवू लागली! शिवकालाची व अद्भुताची गोडी पुढे नाथमाधवांनी वाढविली. हे नाथमाधव म्हणजे द्वारकानाथ माधव पितळे. सिंहगडाच्या कड्यावरून पडून पांगळे झालेल्या या लेखकाने अंथरुणावरून ‘वीरधवल’ आणि स्वराज्याच्या कादंबऱ्या लिहिल्या. हरिभाऊंची कमलकुमारी तर प्रभात कंपनीच्या १९३३ च्या ‘सिंहगड’ बोलपटातून खेड्यापाड्यांतील निरक्षरांपर्यंतही पोचली.

आता घरची हकीकत. आपल्या भागात निजामी राजवट होती तोवर वरचे शिक्षण उर्दूतून चाले. मराठी पुस्तक घरात असणे ही अपूर्वाईची गोष्ट. १९४८ च्या मुक्तीनंतर हळूहळू गावोगाव शाळा आणि वाचनालये आली. आमच्या गावच्या वाचनालयात हरिभाऊंच्या दोन-तीन जीर्ण प्रती होत्या. माझी थोरली बहीण सातवी पास झालेली. दुपारी जात्यापाशी बसून ती मला ‘गड आला पण सिंह गेला’ वाचून दाखवी. मी घोरपडीच्या आणि दोराच्या गोष्टीची वाट पाहत असे. ती मात्र कमलकुमारीची पाने पुन्हा पुन्हा वाची. पुस्तक अर्धे राहिले आणि तिचे लग्न झाले. तेव्हा ती चौदा वर्षांची होती. मी दहा वर्षांचा होतो, आणि मांडवात लाडू वाटत होतो. पुढे ते पुस्तक मी एकट्यानेच संपविले. तिला शेवट कळविण्याचे मला कधी सुचले नाही.

पुढे मी जुन्या अकरावीची मॅट्रिक झालो, शिक्षक झालो, आणि सदतीस वर्षे या जिल्ह्यात मुलांना शिकविले. दिवाळी झाली की वर्गातले बाक रिकामे होत. आईबाप कोयता घेऊन उसाच्या फडावर जात. उचल घ्यावयाची तर नवराबायकोची जोडी लागते. म्हणून मुलगा कामाचा झाला की लगेच सून आणावयाची, आणि मुलगी मोठी दिसू लागली की तिला पाठीमागे एकटी ठेवण्याची भीती, म्हणून तिचेही उरकावयाचे. आठवीतली एक हुशार मुलगी अशीच शाळा सोडून गेली. मी तिच्या वडिलांकडे गेलो. त्यांनी चहा दिला, आपली अडचण सांगितली. ती खोटी नव्हती. मी चहा घेऊन परत आलो. पायाखालच्या त्या वाटेची मला अजून लाज वाटते. कायदा होता, तरी मी तोंड उघडले नाही. पण लक्षात कोण घेतो, हा हरिभाऊंचा प्रश्न त्या संध्याकाळी माझ्याच तोंडावर येऊन आदळला.

१८९१ साली कायद्याने बारा वर्षे म्हटले तेव्हा पुणे पेटले. १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीचे विवाहाचे वय चौदा केले, १९७८ साली ते अठरा झाले, आणि २००६ साली बालविवाहाविरुद्ध आणखी कडक कायदा झाला. कायद्याचे वय वाढत गेले, परंतु आपल्या जिल्ह्यात यमू अजून संपलेली नाही. हंगामी वसतिगृहे निघाली, पुष्कळ मुली त्यांत राहून शिकल्या, ही समाधानाची गोष्ट. तरीही जे काम कायद्याने होत नाही, ते ज्ञातीने ठरविले तर एका वर्षात होऊ शकते, कारण पत्रिका, पंगत आणि मानपान ही आपल्याच हाती असतात.

म्हणून मंडळाच्या सर्व कुटुंबांस हात जोडून दोन विनंत्या करतो. पहिली, अठरा वर्षे पूर्ण झाल्यावाचून होणाऱ्या कोणाही मुलीच्या लग्नाचे आमंत्रण कोणी स्वीकारू नये, मग ते घर कितीही जवळचे असो. दुसरी, आपल्या समाजाच्या वसतिगृहात हरिभाऊंच्या कादंबऱ्यांचा संच ठेवावा. त्यासाठी पहिली वर्गणी मी देत आहे. मुलींनी रूपनगरच्या राजकन्येचा नकार वाचावा, मुरादेवीची चूक वाचावी, यमूचे अश्रू वाचावे आणि मग आपले काय ते आपण ठरवावे.

बहीण आता सत्तरीच्या पुढे आहे. डोळ्यांनी अधू झाली आहे. गेल्या दिवाळीत ती माहेरी आली होती, तेव्हा मी ‘गड आला पण सिंह गेला’ काढले, आणि जेथे तिचे वाचन राहिले होते त्या पानापासून तिला वाचून दाखविले. तीन दुपारी लागल्या. ती शेवटपर्यंत ऐकत बसली. हरिभाऊंच्या स्मृतीस यापरते मोठे अभिवादन मला करता आले नसते.